कार्यशाळा, वर्ग आणि विद्यार्थ्याची चूक : नांदेड-लातूर परिसरातील साहित्याध्यापनाविषयी

१

मराठी समीक्षेने लेखकाचा विचार केला, कलाकृतीचा केला आणि गेल्या काही दशकांत वाचकाचाही केला. परंतु आपल्या बहुसंख्य वाचकांना साहित्यकृती वाचण्याचे पहिले वळण जेथे लागते, त्या महाविद्यालयीन वर्गाचा विचार तिने शिक्षणशास्त्राकडे सोपवला आणि शिक्षणशास्त्राने तो प्रशिक्षणाकडे सोपवला. परिणामी ‘कविता कशी शिकवावी’ या प्रश्नाचे अधिकृत उत्तर आज समीक्षाग्रंथांऐवजी अध्यापकांसाठी भरणाऱ्या उद्बोधन वर्गांत, उजळणी वर्गांत आणि कार्यशाळांत शोधावे लागते. ते उत्तर कोणते आहे, त्यामागे साहित्याविषयीची कोणती समजूत गृहीत धरलेली असते आणि नांदेड-लातूर परिसरातील वर्गात ते कितपत टिकते, हे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

हा परिसर निवडण्यास कारण आहे. अध्यापनाच्या दोन परस्परभिन्न आणि तितक्याच बलवान परंपरा येथे शेजारी शेजारी वाढल्या. नांदेडला नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या रूपाने व्याख्यान ही केवळ सांगण्याची नव्हे, तर विचार करण्याची रीत म्हणून प्रतिष्ठित झाली. लातूरला ‘लातूर पॅटर्न’ या नावाने परीक्षेच्या तयारीचे एक कडक शास्त्र उभे राहिले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे. आणि ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले गेले ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले शिक्षक होते. तेव्हा अध्यापन हा या भूमीला बाहेरून येऊन शिकवण्याचा विषय नाही. तिच्यापाशी त्याचा स्वतःचा इतिहास आहे. कार्यशाळांच्या भाषेत या इतिहासाचा उल्लेख क्वचितच आढळतो, ही गोष्ट प्रारंभीच नोंदवून ठेवावयास हवी.

२

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणावर भर दिला आणि त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेज’ ही संस्था सुरू केली. नव्या अध्यापकासाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि पुढे आपापल्या विषयाचा तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, असा त्याचा रूढ सांगाडा होता. पदोन्नतीशी या वर्गांची सांगड घातली गेली. २०१५ च्या सुमारास या संस्थांना मानव संसाधन विकास केंद्र असे नाव मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२३ साली त्या मालवीय मिशनच्या छत्राखाली आल्या. महासाथीच्या काळात वर्ग पडद्यावर गेले आणि नंतरही त्यांतले पुष्कळसे तेथेच राहिले.

या नामांतरांपेक्षा महत्त्वाचा बदल आशयात झाला. पूर्वीच्या उजळणी वर्गात निदान विषय मध्यभागी होता. नांदेड-लातूरकडचे मराठीचे अध्यापक तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, तीन आठवडे मुक्कामाला जात. दिवसाची व्याख्याने बरीवाईट असत. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर एखाद्या कादंबरीवरून वाद पेटे. या वादाचा उल्लेख कोणत्याही अहवालात होत नसे, तरीही वर्गाची खरी कमाई तीच असे. आता केंद्रस्थानी आली आहे ती पद्धती : सहभागी अध्यापन, कृतियुक्त अध्यापन, अध्ययननिष्पत्ती. वनस्पतिशास्त्राचा, वाणिज्याचा आणि मराठीचा अध्यापक एकाच दालनात बसतो आणि विद्यार्थी कसे गुंतवून ठेवावेत हे शिकतो.

अशा कार्यशाळेचा घाट आता ठरून गेला आहे. आरंभी परिचयाचा एखादा खेळ, मग गटांची रचना, प्रत्येक गटाला कागदाचा मोठा तक्ता आणि रंगीत पेन, मग सादरीकरण, टाळ्या, अभिप्रायपत्र आणि प्रमाणपत्र. साधनव्यक्ती बहुधा चांगली बोलणारी असते. एका-दिशेच्या व्याख्यानाचे दोष ती सांगते. आणि गमतीचा भाग असा, की ते ती पुष्कळदा दोन तासांच्या व्याख्यानातूनच सांगते.

या घाटाची थट्टा करणे सोपे आहे. पण तिने काही साधत नाही. कार्यशाळेने व्याख्यानावर घेतलेला आक्षेप मुळात खरा आहे. आपल्या महाविद्यालयांत ज्याला व्याख्यान म्हणतात ते बहुतेक वेळा व्याख्यान नसते, ते टिपणांचे श्रुतलेखन असते. अध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून ‘कवितेची वैशिष्ट्ये’ सांगतो, विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि कविता न वाचताही परीक्षेत उत्तीर्ण होतात. पावलो फ्रेरी यांनी ज्याला बँकेत ठेव ठेवण्याची उपमा दिली ते शिक्षण हेच. कार्यशाळांतून फ्रेरींचे नाव आदराने घेतले जाते, यात म्हणून नवल नाही. परंतु फ्रेरींची रीत अशी होती, की वर्ग सुरू करण्यापूर्वी त्या वस्तीतल्या लोकांच्या बोलण्यातले, त्यांच्या जगण्याचा भार वाहणारे शब्द शोधून काढावयाचे आणि अक्षरशिक्षण त्या शब्दांपासून सुरू करावयाचे. त्यांच्या पद्धतीत आशय आधी येतो, पद्धती त्याच्यातून निघते. आपल्या कार्यशाळेने क्रम उलटा केला आहे. येथे पद्धती आधी तयार असते आणि तिच्यात कोणताही आशय भरता येतो.

‘कोणताही आशय’ या दोन शब्दांत साहित्याविषयीचा एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला आहे. साहित्यकृती म्हणजे काही एक माहिती अथवा संदेश असून तो कंटाळवाण्या किंवा रंजक मार्गाने पोहोचवता येतो, असे त्यात गृहीत आहे. रूप आणि आशय यांच्या अविभाज्यतेविषयी आपण अर्धशतक वाद घातला. आणि अध्यापनाच्या दारातून तेच द्वैत निमूटपणे आत आले, याची आपल्या समीक्षेला दखलही नाही.

३

आता लातूरकडे वळू. लातूर पॅटर्नविषयी साहित्याचे अभ्यासक सामान्यतः नाक मुरडून बोलतात. ते न्याय्य नाही. निजामी राजवटीत ज्या प्रदेशातील शिक्षणाची आबाळ झाली, जेथे १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दू माध्यमातून होत असल्यामुळे मराठी मुलाला उच्चशिक्षणासाठी आपली भाषा बाजूला ठेवावी लागे, त्या प्रदेशातील मुले पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने गुणवत्ता यादीत येऊ शकतात, हे या पॅटर्नने दाखवून दिले. त्यामागे अध्यापकांचे अतोनात श्रम होते. सुट्ट्यांतले जादा तास, वारंवार घेतलेल्या सराव परीक्षा, प्रश्नपत्रिकांचे विश्लेषण आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका विलंब न लावता विद्यार्थ्याच्या हाती परत देणे, ही त्याची अंगे होत.

यांतले शेवटचे अंग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. तपासलेली उत्तरपत्रिका परत देणारा अध्यापक प्रत्येक विद्यार्थ्याची चूक नेमकी कोठे होते हे जाणून असतो. या अर्थाने लातूरच्या परंपरेतील वर्ग आजच्या रंजक कार्यशाळेहून अधिक विद्यार्थिकेंद्री होता. कार्यशाळेतील गटकार्यात चूक होऊच शकत नाही. तेथे प्रत्येक तक्त्याला टाळ्या मिळतात. आणि ज्या ठिकाणी चूक संभवत नाही त्या ठिकाणी शिकणेही संभवत नाही.

मात्र लातूरच्या वर्गात चुकीकडे पाहिले जाते ते तिचे निर्मूलन करण्यासाठी. गणितात आणि भौतिकशास्त्रात ते योग्यच आहे. साहित्याच्या वर्गात हीच दृष्टी आली की ‘आदर्श उत्तर’ जन्माला येते. कवितेवरील प्रश्नाचे पाच मुद्द्यांत बांधलेले उत्तर, त्यात एक अवतरण, शेवटी एक समारोप. बारावीपर्यंत या शिस्तीत वाढलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गात येतो तेव्हा कवितेसमोर त्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की यावर उत्तर कोणते. स्वतःला काय वाटले हे सांगण्याची त्याला भीती वाटते, कारण ते चुकीचे असण्याची शक्यता आहे. कार्यशाळेतून परतलेला अध्यापक अशा वर्गात गटचर्चा सुरू करतो तेव्हा प्रत्येक गट मार्गदर्शकातलेच पाच मुद्दे तक्त्यावर रंगीत अक्षरांत लिहून आणतो. पद्धती बदलली, वाचन बदलले नाही.

४

याच परिसरात, आज आपल्यासमोर असलेल्या प्रश्नाला थेट भिडणारा एक धागा सापडतो. तो कुरुंदकरांच्या कार्यात आहे.

कुरुंदकरांना नांदेड ‘गुरुजी’ म्हणत असे. प्रथम शाळेत आणि नंतर पीपल्स कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. तेथेच ते पुढे प्राचार्य झाले. स्वतः त्यांची परीक्षांशी फारशी मैत्री नव्हती. इंटरच्या परीक्षेने त्यांना दीर्घकाळ अडवून धरले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांना मृत्यू आला तोही व्यासपीठावर. त्यामुळे व्याख्यानपद्धतीच्या समर्थकांना कुरुंदकर हे आपले अंतिम प्रमाण वाटतात. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे त्याने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, कार्यशाळा हव्यात कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद कुरुंदकरांवरच अन्याय करणारा आहे. त्यांच्या व्याख्यानाची बांधणी पाहिली तर ते एकट्याचे बोलणे नसते. श्रोत्याच्या मनात रूढ असलेली समजूत ते प्रथम पूर्वपक्ष म्हणून मांडतात. ती धरणाऱ्यालाही सुचली नसेल इतक्या बळकटपणे मांडतात, आणि मग ती सोडवत नेतात. श्रोता प्रत्यक्षात बोलत नसला तरी त्याचे मत व्याख्यानात हजर असते. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची जी दीर्घ प्रस्तावना आहे ती मुळात लेखकाला लिहिलेले पत्र आहे, ही गोष्ट या दृष्टीने सूचक मानता येईल. समोर कोणीतरी असल्याशिवाय त्यांचा विचार चालत नाही.

मराठवाड्यात याला कीर्तनाची पार्श्वभूमी आहे असे म्हणण्याचा मोह होतो. कीर्तनकारही श्रोत्यांना गुंतवतो. टाळकरी ध्रुपद उचलतात, सभा हसते, रडते. ‘सहभाग’ हाच निकष असेल तर कीर्तनाइतके सहभागी अध्यापन शोधून सापडणार नाही. परंतु कीर्तनात पूर्वरंगातला सिद्धान्त उत्तररंगातल्या आख्यानाने दृढच व्हावयाचा असतो, श्रोत्याच्या शंकेने तो बदलत नाही. गुंतणे आणि संवाद करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. कीर्तन पहिली साधते. कुरुंदकरांचे व्याख्यान दुसरीकडे जाऊ पाहते. आजची कार्यशाळा या दोहोंतील भेदच पुसून टाकते.

कुरुंदकरांनी ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’ या विषयावर ग्रंथ लिहिला, हे समीक्षेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु आय. ए. रिचर्ड्‌स यांना आपण भावनांच्या संतुलनाचा सिद्धान्त मांडणारे म्हणून ओळखतो. वर्गात प्रयोग करणारे अध्यापक म्हणून नाही. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) हा ग्रंथ एका वर्गातून जन्मला आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाचावयास दिल्या. कवीचे नाव आणि काळ काढून टाकले, आणि प्रत्येकाने आपला प्रतिसाद लिहून द्यावा असे सांगितले. अशा तेरा कवितांवरील प्रतिसाद त्यांनी ग्रंथात मांडले. उत्तम शिक्षण घेतलेली मुले कवितेचा सरळ वाच्यार्थही गमावून बसत होती. रिचर्ड्‌स यांनी त्या चुका तांबड्या शाईने खोडल्या नाहीत. त्यांचे वर्गीकरण केले. वाच्यार्थ न लागणे, व्यक्तिगत आठवणींचा अप्रस्तुत हस्तक्षेप, ठरीव प्रतिसाद, भाविवशता, तिच्याच उलट असलेला भावनेचा संकोच, श्रद्धा आणि मतांची ओढ, तंत्राविषयीचे पूर्वग्रह : वाचन कोठे कोठे अडते याचा तो नकाशा आहे.

कार्यशाळा चुकीकडे पाहत नाही, लातूरची शिस्त तिला नाहीशी करू पाहते, रिचर्ड्‌स तिचे वाचन करतात. साहित्याच्या अध्यापनाचे रहस्य या तिसऱ्या वृत्तीत आहे असे मला वाटते. आणि तिची ओळख करून देणारा मराठी ग्रंथकार आपल्याच गावातला होता.

५

तथापि रिचर्ड्‌स यांचा नकाशा जसाच्या तसा नांदेडला आणता येणार नाही. एक उदाहरण घेऊ. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा शालेय पाठ्यपुस्तकामुळे अनेकांच्या परिचयाची आहे. टोमॅटो घेऊन बाजारात आलेला शेतकरी, पडलेला भाव, होणारी अवहेलना आणि अखेरीस आपलाच माल पायांखाली तुडवणारा बाप. कार्यशाळेच्या पद्धतीने ही कथा शिकवायची तर बाजाराचे नाट्यीकरण होईल. कोणी शेतकरी होईल, कोणी गिऱ्हाईक होईल. वर्ग हसेल, शेवटी गंभीर होईल. लातूरच्या शिस्तीने शिकवायची तर ‘शेतकऱ्याच्या व्यथेचे प्रभावी चित्रण’ या शीर्षकाखाली मुद्दे निघतील. दोन्ही रीतींत निष्कर्ष आधीच ठरलेला आहे.

आता मुलांना लिहावयास सांगून पाहावे. शेतकरी घरांतील मुलांच्या वर्गात एक प्रतिसाद हमखास येण्यासारखा आहे : बापाचं चुकलं, तुडवण्यापेक्षा माल परत नेऊन जनावरांपुढं टाकायचा होता. आदर्श उत्तराच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे आहे. त्यात करुणा नाही, व्यथा नाही. रिचर्ड्‌स यांच्या यादीत ते कदाचित आठवणींच्या अप्रस्तुत हस्तक्षेपात जमा होईल : विद्यार्थी कथा सोडून आपल्या गोठ्यात गेला. परंतु अध्यापक येथे थांबला तर त्याच्या लक्षात येईल, की या मुलाने कथेच्या मर्मावर बोट ठेवले आहे. माल अगदीच निरुपयोगी झालेला नाही. व्यवहार अजून शिल्लक आहे, आणि बाप तो व्यवहार नाकारतो. तुडवणे ही नुकसानीची प्रतिक्रिया असती तर मुलाचा हिशेब बरोबर ठरला असता. तो हिशेब लागू पडत नाही याचा अर्थ बापाचे जे मोडले आहे ते पैशाहून वेगळे आहे. मग ‘चिखल’ हा शब्द उलगडू लागतो. ज्या मातीच्या ओलीतून पीक आले, त्याच पिकाचा बाजाराच्या जमिनीवर चिखल होतो. शेताचा चिखल पेरणीचा असतो, हा चिखल कशालाच जन्म देणारा नाही. करुणेच्या ठरीव मुद्द्यांतून या जागी पोहोचण्याची वाट नव्हती. ती गोठ्यातून आली.

या ठिकाणी अध्यापकाला जो निर्णय करावा लागतो, म्हणजे ही आठवण अप्रस्तुत आहे की प्रवेशद्वार आहे, तो अध्यापनतंत्राचा निर्णय नव्हे. तो समीक्षेचा निर्णय आहे. तो करण्यासाठी कथा अध्यापकाच्या हाडीमांसी मुरलेली असावी लागते, आणि वर्गातल्या मुलाचे जगही त्याला अनोळखी असून चालत नाही. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू ऐकणारी मुले वर्गात असतात, उदगीर-निलंग्याकडे कानडी ऐकणारी, किनवट-माहूरकडे गोरबोली आणि गोंडी बोलणारी, नांदेड शहरात दखनी बोलणारी. त्यांच्या ‘चुका’ एकसारख्या असणार नाहीत. ज्याला आपण भाषेची चूक म्हणतो तिच्यामागे पुष्कळदा दुसऱ्या भाषेचे अचूक ज्ञान असते. तक्ता आणि रंगीत पेन यांचा येथे उपयोग होणार नाही असे नाही. परंतु त्यांनी हा निर्णय सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, की शंभर-सव्वाशे नावांच्या हजेरीपटात प्रत्येकाचे लेखन वाचणे अशक्य आहे. आक्षेप खरा आहे. परंतु पटावरची सर्व मुले वर्गात नसतात हे आपण सगळेच जाणतो. आणि जी असतात त्यांच्यापैकी दहा जणांचे प्रतिसाद दर आठवड्याला वर्गात वाचून दाखवणे कोणत्याही अनुदानाशिवाय शक्य आहे. लेखकाचे नाव काढून टाकावे, तेही कवीचे नव्हे, विद्यार्थ्याचे. रिचर्ड्‌स यांनी कवीचे नाव झाकले, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना मोठ्या नावांचा दबाव होता. आपल्या विद्यार्थ्याला आपल्याच आडनावाचा दबाव असतो.

६

मग कार्यशाळा बंद कराव्यात काय? तसे म्हणणे म्हणजे श्रुतलेखनाच्या वहीकडे परतणे होय. तिची जागा बदलावी, एवढेच म्हणावयाचे आहे. साहित्याच्या अध्यापकांची कार्यशाळा एका संहितेभोवती भरावी. येणाऱ्या प्रत्येकाने त्या संहितेवरचे आपल्या विद्यार्थ्यांचे पाच-दहा प्रतिसाद सोबत आणावेत. दिवसभर त्या प्रतिसादांचे वाचन व्हावे. साधनव्यक्तीची गरज लागलीच तर ती त्या लेखकाची अभ्यासक असावी. अशा कार्यशाळेत चूक अध्यापकाचीही निघेल, आणि ती निघणे हाच तिचा हेतू असेल.

येथे एक अडचण सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रशिक्षणाची सारी यंत्रणा पदोन्नतीच्या गणिताशी जोडलेली आहे आणि या परिसरातील अनेक महाविद्यालयांत साहित्याचा वर्ग प्रत्यक्षात चालवतो तो तासिका तत्त्वावरील अध्यापक. त्याला पदच नाही, मग पदोन्नती कोठून असणार? जो सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो, त्याच्याकडे विद्यार्थ्यांच्या चुकांचा सर्वांत मोठा साठा आहे आणि तो वाचण्याइतकी स्वस्थता सर्वांत कमी आहे. त्याला वगळून भरणारी अध्यापनाची कोणतीही कार्यशाळा अपुरी राहील, मग तिचे तक्ते कितीही रंगीत असोत.

समीक्षेचा या सगळ्याशी संबंध काय, असा प्रश्न अखेरीस उरतो. संबंध असा, की वाचकाच्या प्रतिसादाविषयीचे आपले सिद्धान्त आजवर एका कल्पित, सुजाण वाचकावर उभे आहेत. प्रत्यक्षातला वाचक लातूरच्या किंवा किनवटच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला आहे आणि आपले उत्तर चुकेल म्हणून गप्प आहे. त्याची चूक जोवर आपण वाचत नाही, तोवर अध्यापन तर अपुरे राहतेच, आपली समीक्षाही अपुरी राहते.